गुरुवारची बैठक आणि माझं ‘नको’

ही गोष्ट मी बायकोलाही कधी पुरती सांगितली नाही. कुणी विचारलं, तर ‘दादा कॅन्सरनं गेला’ एवढंच म्हणायचो आणि विषय बदलायचो. आता ऐंशी उलटली. लिहून टाकतो.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि मी तिथं क्षयरोग विभागात कारकून होतो. दुष्काळ होता. नव्या कचेरीत खुर्च्या आल्या होत्या, नळाला पाणी आलं नव्हतं. माझा मोठा भाऊ उदगीरजवळच्या खेड्यात शिक्षक. त्याचा खोकला थांबेना आणि तपासणीत क्षयही निघेना, म्हणून मी त्याला नांदेडला नेलं. तिथल्या एका दवाखान्यात छातीचे डॉक्टर, सर्जन आणि एक्स-रेचे डॉक्टर दर गुरुवारी एकत्र बसायचे. अवघड रोग्याचं काय करायचं ते तिघं मिळून ठरवायचे आणि रोग्यालाही आत बोलवायचे.

दादाला व्हरांड्यात बसवून मी आधी एकटाच आत गेलो.

“फुप्फुसात कॅन्सरची गाठ आहे,” सर्जन म्हणाले. “अजून लहान आहे. हैदराबादला ऑपरेशन होऊ शकेल. बोलवा त्यांना.”

आमच्याकडे हा शब्द रोग्यापुढे काढत नसत. घरच्यांनी ऐकायचं, घरच्यांनीच ठरवायचं. मी हात जोडले. “साहेब, मीच समजावून सांगतो.”

“काय म्हणतेत रं तुझे साहेब?” मी व्हरांड्यात येताच दादा हसला. “का खोकल्यालाबी फाईल लागती तुमच्या खात्यात?”

“छातीत पाणी झालंय. गोळ्यांनी जाईल.”

मग आत जाऊन सांगितलं, “ऑपरेशन नको म्हणतो.” तो टेबलावरच जाईल, अशी मला भीती होती.

चार महिन्यांनी त्याला दम लागू लागला. पुन्हा नांदेड. मी खिडकीशी केसपेपर काढत होतो, तेवढ्यात त्याला आत बोलावलं. मी पोचलो तेव्हा छातीचे डॉक्टर म्हणत होते, “गुरुजी, त्या वेळी तुम्हीच ऑपरेशनला नको म्हणालात. आता ही गाठ पसरली आहे.”

“मला कुणी इचारलंच न्हाई, साहेब.”

तिघंही माझ्याकडे वळले.

परतीच्या एसटीनं मुखेड सोडलं. खिडकीबाहेर बघतच दादा म्हणाला, “दुसऱ्याच्या नावानं ‘हजर’ म्हणणाऱ्या पोराला मी वर्गात उभा करायचो. तुला काय करू?”

त्यानंतर दर रविवारी मी लातूरहून जायचो. वाटेत वाक्यं जुळवायचो आणि खाटेजवळ पोचलो की वहिनीला टँकरचं विचारायचो. शेवटच्या रविवारी त्यानंच विचारलं, “काही बोलायचं हाय का तुला?”

“न्हाई,” म्हणालो. “टँकर आला का बघून येतो.”

घागर घेऊन परतलो, तेव्हा वहिनीचं रडणं दारातच ऐकू आलं.

दादा, ‘नको’ तू म्हणाला नव्हतास. मी म्हणालो होतो. माझं चुकलं.