अक्काला न वाचून दाखवलेला लेख

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. पहिला लेख कसा छापून आला असं कोणी विचारलं, की धुळ्याच्या नानांच्या निळ्या पेन्सिलीचे दोन किस्से सांगायचे आणि विषय बदलायचा, ही माझी ठरलेली रीत. गेल्या वर्षी अक्काच्या तेराव्याला एक नातेवाईक सगळ्यांसमोर म्हणाले, "भावाने बहिणीवर एवढं सुंदर लिहिलेलं मी दुसरं वाचलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी पत्रावळीकडे बघत बसलो. खरं काय ते लिहायचं, हे त्या दिवशी ठरलं.

साठचं दशक संपत आलं होतं. मी जळगावला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. महिन्यातले दोन रविवार एसटीने धुळ्याला जायचो. तिथे एक निवृत्त शिक्षक एका साप्ताहिकाचं ललित लेखांचं पान बघत. त्यांना सगळे नाना म्हणत. छापखान्याच्या मागच्या खोलीत, शाईच्या आणि रॉकेलच्या वासात, आम्ही तीन-चार होतकरू आपापले कागद घेऊन त्यांच्यासमोर बसायचो. नाना लेख स्वतः वाचत नसत. आम्हाला मोठ्याने वाचायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. कंटाळा आला की पेन्सिल टेबलावर आपटत.

माझे पहिले तीन लेख परत आले. एक पहाटेवर होता, एक आईच्या हातांवर, एक एकटेपणावर.

"हा एकटेपणा तुला कुठे भेटला?" नानांनी विचारलं. "कचेरीत का एसटीत?"

"असंच, मनात."

"मग राहू दे तिथेच. घरात काय ऐकलंस, काय पाहिलंस, ते आण."

बाकीचे हसले. मीही हसलो, पण परतीच्या प्रवासात पार पारोळ्यापर्यंत माझे कान गरम होते.

नानांचा एकच नियम होता. लेखात जिवंत माणूस आला, तर छापण्याआधी तो लेख त्या माणसाला वाचून दाखवायचा. "त्याच्यासमोर वाचता येत नसेल, तर तो लेख नाही, चहाडी आहे," असं ते म्हणत.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, अमळनेरला दिलेली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी मुऱ्हाळी म्हणून जायचो आणि तिला एरंडोलजवळच्या आमच्या गावी घेऊन यायचो. आमच्याकडे आखाजी हा सासुरवाशिणींचा सण. पुरुष ओट्यांवर पत्ते कुटत बसतात. बाया निंबाला झोके बांधतात आणि झोक्यावर बसून सासूला, नणंदेला, नवऱ्याला गाण्यातून मनसोक्त बोलून घेतात. ते कोणी मनावर घेत नाही. पुरुषांच्या कानावर पडलं तरी पडलं नाही असंच वागायचं, दुसऱ्या दिवशी कोणी कोणाला काही विचारायचं नाही. म्हणून तर त्या एवढं गाऊ शकतात.

त्या वर्षी मी पत्त्यांच्या डावात होतो आणि झोक्यावर अक्का होती. नेहमीच्या गाण्यात तिने स्वतःची एक ओळ घातली:

"सासूनी मिठले कुलूप लायं वं माय, मन्ही भाकर अळनी."

बाया खदखदून हसल्या. अक्काही हसली. पण झोका थांबला तरी ती उतरली नाही. दोराला कपाळ टेकून तशीच बसून राहिली. सासू खरोखरच मिठाची बरणी कुलपात ठेवते, ही गंमत नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि लगेच मनात जे आलं ते सांगायची मला आजही लाज वाटते. हे नानांना आवडेल, असं आलं.

लेख त्याच रात्री झाला. अक्का आणखी चार दिवस घरी होती, आणि चारही दिवस तो माझ्या खिशात होता. वाचला असता तर ती "नको रे भाऊ" म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी वाचला नाही. तिचं आणि तिच्या गावाचं नाव तेवढं काढून टाकलं आणि स्वतःची समजूत घातली.

धुळ्याला लेख वाचून झाला तेव्हा नानांची पेन्सिल एकदाही आपटली नव्हती. त्यांनी डोळे उघडले.

"बहिणीला वाचून दाखवलास?"

"हो."

"काय म्हणाली?"

"रडली. मग म्हणाली, छाप."

नानांनी चष्मा काढून पुसला. "मोठ्या मनाची बाई आहे," म्हणाले.

लेख छापून आला. कचेरीत चहा झाला. पुढे नवीन कोणी शिकायला आलं की नाना तोच लेख काढत आणि म्हणत, "याने हा आधी बहिणीसमोर वाचलाय, मग माझ्याकडे आणलाय. असं करायचं असतं." मी समोरच असायचो. दर वेळी मला मान हलवावी लागायची. खरं सांगितलं असतं तर ते पान हातचं गेलं असतं, नानाही तुटले असते. न सांगावं तर पुढच्या रविवारी पुन्हा तेच. जायचं बंद करावं एवढीही हिंमत नव्हती.

अक्काचं नाव मी काढलं होतं, पण लेखावर माझं होतं. मी कोणाचा भाऊ, हे अमळनेरच्या त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या आखाजीला मी तिला आणायला गेलो. तिच्या सासऱ्यांनी ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, चहा मागवला. "या, लेखकसाहेब," म्हणाले आणि गादीखालून घडी घातलेलं कात्रण काढलं.

"आमचे डोळे अधू झाले. जरा वाचून दाखवा."

"आबा, ते..."

"वाचा की. बठ्ठा गावनी वाचं, आम्हीच राहिनूत."

सासू दारात येऊन उभी राहिली. मेहुणे सायकलला टेकून जमिनीकडे बघत होते. अक्का आतल्या दाराआड होती. चौकटीवरचा तिचा हात तेवढा दिसत होता. उठून जावं तर तिला घेतल्याशिवाय जावं लागणार होतं. मी वाचायला लागलो. त्या ओळीपाशी आवाज थांबला.

"थांबलात का?"

ती ओळही वाचली. मान वर केली तेव्हा चौकटीवर हात नव्हता.

सासऱ्यांनी कात्रणाची जुन्याच घडीवर घडी घातली. "सून आखाजीला येणार नाही. यंदा नाही, पुढेही नाही. आमच्या घरात मीठ आहे. तिला इथलंच पुरेल."

लेख अक्काला वाचून दाखवला, असं मी नानांना सांगितलं होतं. ते एका वर्षाने असं खरं झालं.

मी तिथून थेट धुळ्याला गेलो, सगळं सांगायचंच म्हणून. नाना प्रुफं तपासत होते. "ये, ये," म्हणाले, "यांना तुझाच लेख ऐकवत होतो." बाकावर दोन नवीन जण बसले होते. मी मान हलवली.

त्यानंतर मी चार लेख लिहिले. एकाही लेखात माणूस नव्हता. "तू परत पहाटेवर आलास," नाना म्हणाले. पुढे मी लिहिणंच सोडलं. नाना गेले ते मला खरा मानूनच.

अक्का अकरा वर्षं आखाजीला आली नाही. आई दर वर्षी तिच्यासाठी झोक्याचा पाट धुऊन ठेवायची. आई गेली तेव्हा अक्काला एका दिवसासाठी पाठवलं आणि दिवेलागणीच्या आत परत नेलं.

सासरे गेले, मग सासूही वारली आणि घर अक्काच्या हाती आलं. मग मी एकदा अमळनेरला गेलो. नानांच्या शिस्तीप्रमाणे मोठ्याने वाचायचं म्हणून कागद लिहून नेला होता: अक्का, गाणं तुझं होतं. ते मी तुला न विचारता छापलं. तू छाप म्हणालीस असं खोटं सांगितलं. तुझं माहेर माझ्यामुळे तुटलं. मला माफ कर.

तिने कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला आणि समोर बसली. माझा हात खिशापाशी गेला तसं ती म्हणाली, "काय रे भाऊ, तुले काही सांगानं शे का?"

"नाही," मी म्हणालो. "जरा मीठ दे."

ती उठली, फळीवरची बरणी काढली आणि अख्खी बरणीच माझ्या ताटाशी ठेवली.