मावशीची सीट आणि गाडीचं अर्थिंग

तुमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हर घालून उभी असलेली ती जुनी गाडी भंगार आहे, हे कोणी ठरवलं? तिचं बॉनेट उघडून पाहिलेल्या माणसाने, की तिच्या जागेवर डोळा असलेल्या माणसाने?

हा प्रश्न मी मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, लिफ्टशेजारी चिकटवलेल्या पत्रकात विचारला होता. आमच्या घरात पत्रक काढायला निमित्त लागत नाही. आजोबा गिरणीत, बाबा कारखान्याच्या युनियनमध्ये. अंकलिपीच्या आधी मी ‘जाहीर निषेध’ वाचायला शिकले. त्यामुळे ‘चालू स्थितीत नसलेली वाहने आवारातून हलवावीत’ हा विषय सोसायटीच्या सभेपुढे येणार असं कळलं, तेव्हा मी आधी पेन उचललं.

सेक्रेटरींनी पत्रक उभ्याउभ्या वाचलं. म्हणाले, “शुद्धलेखन छान आहे तुझं. पण गाडी चालते का?”

गाडी चालत नव्हती. म्हणजे इंजिन चालायचं, पण आई ती बाहेर काढत नव्हती.

ही गाडी आईची. गोल दिवे, स्टिअरिंगला लागून गिअर आणि पुढे अख्खं बाकडं. बाबांना चालवता येत नाही. ते शेजारी बसून रस्त्यातल्या खड्ड्यांवर भाषण करतात. पण ती आम्ही जपली ते त्या बाकड्यासाठी. आईची थोरली बहीण भांडुपला राहते. तिचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. रिक्षात ती बसूच शकत नाही. एकदा टॅक्सीत मागच्या सीटवर आडवी करून नेली, तर ड्रायव्हरसमोरच ओरडली, “माका मढ्यासारखी आडवी घालून नेतंस काय गो?” पुन्हा टॅक्सीचं नाव काढलं नाही. आमच्या गाडीत मात्र मधे गिअरचा दांडा नाही, पाय सरळ पसरता येतो. महिन्यातून एकदा आई तिला वर्सोव्याला न्यायची. मावशी गाडीतूनच समुद्र बघायची, वाळत घातलेल्या बोंबलांना नावं ठेवायची आणि तरीही घ्यायची.

दिवाळीच्या आधीच्या फेरीत, संध्याकाळी परत येताना, आईने डावीकडे वळायचा इंडिकेटर दिला आणि पुढचे दिवे मावळले. इंडिकेटर जसा उघडमीट करील तसे तेही. हॉर्न दाबला तर घसा बसल्यासारखा आवाज. गाडी मंदावली, तसा मागून बसवाला कचकचून ब्रेक मारत आला. आईने हात बाहेर काढून गाडी कडेला घेतली, मावशीला हळूहळू घरी सोडलं आणि सांगून टाकलं, “हे का होतंय ते कळल्याशिवाय ताईला या गाडीत बसवणार नाही.”

तेव्हापासून मावशी घरात होती. फोनवर ती समुद्राबद्दल विचारायची नाही, आणि तेच मला लागायचं.

गॅरेजवाला येऊन बघून गेला. म्हणाला, “वायरिंगची वाट लागलीय मॅडम. सगळं उपटून नवीन टाकू. पण गाडी कधी देईन ते विचारू नका, जुना माल शोधावा लागेल.”

आई शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, “दाढ कुठली दुखतेय ते न बघता सगळे दात काढायचे?”

सभेच्या आदल्या रविवारी सकाळी आम्ही दोघी बॉनेट उघडून उभ्या राहिलो. बाबा चहा घेऊन खाली आले आणि नैतिक पाठिंबा म्हणून तिथेच थांबले.

मला गुन्हेगार लगेच सापडला. पुढच्या जाळीला लिंबू-मिरची टांगली होती, मावशीने स्वतःच्या हाताने, बारीक लोखंडी तारेने. ती तार आत जाऊन डाव्या दिव्याच्या वायरींना टेकली होती. अंधश्रद्धेने गाडीचा घात केला! माझ्या डोक्यात पुढच्या पत्रकाचा मथळाही तयार झाला.

“हे बघ आई! शॉर्ट!”

“शॉर्ट असता तर फ्यूज उडाला असता. तो ठीक आहे. पण काढून बघ.”

मी तार विजयी मुद्रेने काढली. आईने दिवे लावले, इंडिकेटर दिला. दिवे तसेच मावळले.

बाबांनी तेवढ्यात मावशीला फोन लावून स्पीकरवर टाकला होता. पलीकडून खदखदून हसणं आलं. “आता कोणाच्या नावान पत्रक काढतलस गो? लिंबू तर सुटला!”

लिंबू-मिरचीबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. पण या खटल्यात आरोपी चुकीचा होता.

“पत्रक नंतर. आधी ही वायर धर,” आई म्हणाली.

तिने एका जाड वायरीचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं आणि दुसरं मला डाव्या दिव्यामागच्या काळ्या वायरीच्या जोडाला टेकवायला सांगितलं. मी टेकवलं. दिवा एकदम लख्ख झाला. इंडिकेटर टकटक करत राहिला, दिवा हलला नाही. हॉर्न असा वाजला की दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी शिवी घातली. मी वायर काढली, पुन्हा अंधूक. लावली, लख्ख.

“म्हणजे वीज दिव्यापर्यंत नीट येतेय,” आई म्हणाली. “बॅटरीकडे परत जाताना अडतेय. अर्थिंग गेलंय. त्या काळ्या वायरीमागे जा.”

मी बोटाने वायर धरत गेले. रेडिएटरच्या बाजूला, गाडीच्या पत्र्यावर एका बोल्टखाली ती संपत होती. इंडिकेटरची आणि हॉर्नचीही काळी वायर तिथेच येत होती. आणि तो बोल्ट हिरवा होता. आसपासचा पत्राही हिरवा. तो हिरवा मी ओळखते. आमच्या खिडक्यांच्या ग्रिलचा, स्टुलाचा, मीटरच्या पेटीचा तोच आहे. गणपतीच्या आधी घरात जे काही हलत नाही ते बाबा ऑइल पेंटने रंगवतात. डबा संपेपर्यंत थांबत नाहीत. गावाकडची सवय आहे, आजोबाही तेच करायचे.

आम्ही दोघींनी बाबांकडे पाहिलं.

“गंज धरला होता तिथे,” बाबा म्हणाले. “वरवर नाही हो मारला. बोल्ट काढून, खाली दोन हात दिले, मग आवळला. काम कसं चोख पाहिजे.”

“चोखच झालंय,” आई म्हणाली. “रंगातून वीज जात नाही. इतके दिवस बोल्टच्या आट्यांतून कसंबसं भागत होतं.”

मग तिला हसू आवरेना. बाबा गंभीरपणे म्हणाले, “मी जाहीर दिलगिरी व्यक्त करतो.”

बोल्ट काढला. पॉलिश पेपरने पत्रा घासला, वायरींच्या कड्या घासल्या, चकचकीत धातू दिसेपर्यंत. पुन्हा घट्ट आवळलं आणि गंज नको म्हणून वरून व्हॅसलीन फासलं. आईने दिवे लावले. इंडिकेटर, हॉर्न, वायपर, सगळं एकदम. काहीच मावळलं नाही.

सेक्रेटरींना आईने आवारात एक फेरी मारून दाखवली. त्यांनी सभेच्या विषयातून आमची गाडी काढली. मी लिफ्टशेजारचं माझं पत्रक काढलं.

दुपारी भांडुपला गेलो. मावशी पाय पसरून बाकड्यावर बसली. वर्सोव्याला पोचेपर्यंत दर वळणाला आईला विचारत राहिली, “दिवो लागता मां?” समुद्र दिसल्यावर बोंबलांना नावं ठेवायला लागली. परतताना तिने पिशवीतून नवं लिंबू काढलं. मी म्हटलं, “दोऱ्याने बांध, तारेने नाही.” एवढ्यावर आमचा समझोता झाला.

पण त्या सभेत दुसऱ्या एका गाडीला हलवायची नोटीस निघालीच. तिच्या मालकाशी कोणी बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही. आता त्याचं दार वाजवून आले आहे. या रविवारी आई आणि मी त्याच्या गाडीचं बॉनेट उघडणार आहोत. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते: तुमच्या आवारातल्या धूळ खाणाऱ्या गाडीवर नोटीस चिकटवायच्या आधी तिच्या मालकाचं दार वाजवा आणि विचारा, ही गाडी कोणासाठी ठेवली आहे?