विहिरीतलं शून्य

आमच्या उस्मानपुऱ्याच्या गल्लीत कुणी काहीही सांगितलं, की शेजारचे सर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत आणि विचारत, "कशावरून?"

गणिताचे निवृत्त मास्तर. संशय घेणं हा त्यांचा जोडधंदा. टँकर आला की त्याच्या पोटावर टकटक करून भरलाय का ते बघणार. मी शिरा नेऊन दिला तर, "तूप घरचं? कशावरून?" अहो, खा की मुकाट्यानं! तुमच्याही गल्लीत असेल असा एखादा.

एकदा माझ्या नवऱ्यानं छाती फुगवून म्हटलं, "शून्य आपणच शोधलं!" झालं! "कशावरून? रिकाम्या जागेला खूण बाबिलोनच्या लोकांनीही केली होती. आपल्या लोकांनी त्या रिकामपणालाच आकडा मानलं, त्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहिले. हे काय कमी झालं? जेवढं केलं तेवढंच सांगा, ताई." म्हटलं नवऱ्यानं, ऐकून घेतलं मी.

दुष्काळाची वर्षं होती ती. शहर चहूकडं पसरत होतं आणि नळ कोरडे. टँकर चुकला की कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटमधली विहीर, तेवढाच आधार. तो प्लॉट एका बिल्डरनं घेतला. विहीर बुजवून तिथं पार्किंग होणार होतं.

त्याच उन्हाळ्यात काठावरचे वेल वाळून गळाले आणि कठड्याच्या दगडावर कोरलेला आकडा दिसला. एक, आणि त्याच्यापुढं गोल. जगातलं सगळ्यात जुनं शून्य आपल्या गल्लीत! लोक नाचायचेच बाकी होते. बिल्डर म्हणाला, "सरांनी जुनं म्हणावं, मी विहिरीला हात लावणार नाय."

मी सरांच्या कानाशी लागले. "व्हय म्हणून टाका ना, सर. लई लेकरं आहेत या पाण्यावर."

सर दगडापाशी बसले. गोलावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. उठले तेव्हा तोंड उतरलं होतं.

"शून्य आहे, पण जुनं नाही. हा एकाचा आकडा तर आपण शाळेत पाटीवर काढतो तसाच, आजच्या वळणाचा. गवंड्यानं विहिरीची खोली कोरलीय बहुतेक, दहा परस, म्हणजे दहा पुरुष खोल."

असा संताप आला मला! त्या दिवसापासून त्यांच्याकडं ताक पाठवणं बंद केलं.

विहीर बुजवायच्या दिवशी सकाळी आम्ही जाऊन बघतो तर दगडाला शेंदूर! वर झेंडूचं फूल. जेसीबीवाल्यानं चप्पल काढून हात जोडले. "इथं मशीन नाय लावणार भाऊ," म्हणाला आणि निघून गेला. दुसराही कुणी तयार होईना. शेवटी बिल्डरनं पार्किंगच बाजूला सरकवलं.

गल्ली म्हणाली, देव प्रकटला. मला मात्र संशय. सर अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते. नखं केशरी.

"सर, शेंदूर तुम्ही लावला."

चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "कशावरून?"

मी नखांकडं बोट केलं. त्यांनी हात पाठीमागं घेतला. "शून्याबद्दल मला खोटं बोलवत नाही, ताई. देवाबद्दल मला कुणी विचारलंच नव्हतं."

मला हसू आलं आणि रडूही. संध्याकाळी ताक घेऊन गेले.

आता सर नाहीत. विहीर आहे. शेंदराचे थर चढून आकडा केव्हाच बुजला. परवा एक बाई सांगत होत्या, "हजार वर्षांचा देव आहे, लई जागृत."

माझाही चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. मी तो वर सरकवला आणि हात जोडले.