शंभर नावं, पत्ता एकच

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. माझ्या हातून झालेला हा घोळ ऐकताना आमच्या शाळेतल्या एका सरांनी स्वतःच्या शर्टावर अख्खा कप ओतून घेतला होता!

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. तेव्हा भिवंडीत घरी कॉम्प्युटर असणं म्हणजे केवढी ऐट! मी भूगोलाचा मास्तर, पण कॉम्प्युटर आल्यापासून गल्लीत सगळ्यांना सल्ले द्यायला लागलो होतो. कुणी विचारो, न विचारो.

त्याच सुमारास माझे सासरे अकलोलीहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले. जन्मभर खेडोपाडी टपाल वाटलेला माणूस. मी त्यांना मामा म्हणायचो. डोळा बरा झाल्यावर दुपारी कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचे. बाकी कशाला हात लावतील तर शपथ.

आणि एक दिवस आमचा कॉम्प्युटर बिघडला. बिघडला कसला, वाया गेला! दहावीच्या बोर्डाची वेबसाइट उघडावी, तर जुगाराचा अड्डा. रेल्वेचं टाइमटेबल मागावं, तर तोकड्या कपड्यांतल्या गोऱ्या बायका!

"अहो, हे काय बघताय?" आमची सुनंदा मागे उभी.

"मी? मी नाशिकची गाडी बघतोय!"

"ही नाशिकची गाडी?"

इथपर्यंत घरातल्या घरात होतं. पण शनिवारी आमच्या मुख्याध्यापिका बाई घरी आल्या. बोर्डाचं एक परिपत्रक हवं होतं. मी ऐटीत एकेक अक्षर तपासून पत्ता टाइप केला, एंटर दाबलं, आणि गोऱ्या बायका हजर! एक नाही, तीन!

बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. अशा वेळी अब्रूदार माणूस काय करतो? दुसऱ्याची अब्रू घालवतो. मी म्हणालो, "हल्ली आमचे मामा बसतात हो कॉम्प्युटरवर. वय झालंय, काय उघडतात त्यांचं त्यांना कळत नाही."

मागे वळतो तर दारात मामा! बाईंसाठी पाण्याचा तांब्या घेऊन.

त्यांनी तांब्या ठेवला. आल्या पावली आत गेले. बाई गेल्यावर पाहतो तर मामांची पिशवी भरलेली, पायात चपला. सुनंदा मला म्हणाली, "ते गेले तर मीही जाणार."

मामा उंबऱ्यात थांबले. "जावयबापू, एवढी वर्सं लोकांची पत्रं वाटली, कुनाचं पाकीट कंदी उघडून बघितलं न्हाय. आनि आता ह्यो ठपका?" काय वाटलं कुणास ठाऊक, चपला काढून परत आत आले. "न्हाय. असा न्हाय जात मी. आधी गुन्हेगार घावला पायजे."

निजामपुऱ्यात बायकांचे कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या यास्मिन मॅडमना मी फोन लावला. त्यांनी सांगितलं, "सर, होस्ट्स नावाची फाईल आहे. नोटपॅडमध्ये उघडा. साइटच्या नावाशेजारचा आकडा म्हणजे तिचा पत्ता. काय दिसतं?"

"नावं आहेत, आकडे आहेत," मी म्हणालो. "सगळं ठीक वाटतंय."

"थांबा." मामा खुर्ची ओढून पुढे सरकले. नव्या डोळ्याने एकेक ओळ वाचत स्क्रीनवरून बोट फिरवू लागले. "ही रेल्वे. ह्यो बोर्ड. ही ब्यांक. शंभर नावं हायेत, आनि सगळ्यांपाशी आकडा एकच! सगळ्यांचा पत्ता एकच? आवो, असा गाव न्हाय बघितला मी!"

फोनवरून मॅडम ओरडल्या, "सर, ये कौन बोल रहे हैं? एकदम सही पकडा!"

कॉम्प्युटर कुठलीही साइट शोधताना आधी त्या यादीत बघतो, आणि कुणीतरी त्यात खोटे पत्ते लिहून ठेवले होते. मी मास्तर असून मला दिसलं नाही, आणि मामांनी दोन मिनिटांत पकडलं! मनातल्या मनात मी त्यांना साष्टांग नमस्कार घातला.

"आता हे आणलं कुणी ते बघू," मॅडम म्हणाल्या. "इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी वाचा."

वाचली. फुकट हसरे चेहरे. फुकट नाचणारा माउसचा बाण. आणि 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे!' अशी लाल पाटी लुकलुकली की 'हो' दाबून घेतलेले तीन-तीन रक्षक.

"हे कुणी टाकलं?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मामांनी सभ्यपणे छताकडे पाहिलं.

"मीच," मी पुटपुटलो. "संरक्षणासाठी."

"या अल्ला! चोरालाच वॉचमन ठेवलात सर!"

ती सगळी घाण काढली, अँटीव्हायरस घातला, मग यादीतले खोटे पत्ते पुसले. बोर्डाची साइट उघडली, आणि खरंच बोर्डाची निघाली! मी तिथल्या तिथे मामांसमोर बाईंना फोन करून कबुली दिली. मामा एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हुतं असं." माणूस मोठा तो असा!

शेवटी मॅडम म्हणाल्या, "कॉम्प्युटरवर दोन खाती करा, रोज साधं वापरा. नवीन काही टाकायचं तर दुसऱ्या खात्याचा पासवर्ड लागेल. तो घरातल्या सगळ्यात सावध माणसाकडे द्या."

मी कागद-पेन घेऊन तयार.

"तुमच्याकडे नाही, सर."

मामा अकलोलीला गेले, पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला. महिन्याभराने मी भीतभीत फोन केला. "मामा, एक छोटासा प्रोग्रॅम टाकायचा होता."

"फुकट हाय का?"

"हो, हो! एकदम फुकट!"

"मंग न्हाय," म्हणाले, आणि फोन ठेवला.