नोहाचा पूर आणि चांदवडचा डोंगर

मी नाशिकच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये मुलांना पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, गोष्टी सांगते. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध येऊ न देण्यात मी बरीच वर्षं पटाईत होते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीच्या प्रश्नाने तो संबंध आलाच.

मी नोहाच्या तारवाची गोष्ट सांगत होते: देवाने पाठवलेल्या पुरात सगळी पृथ्वी बुडते आणि मोठ्या नावेतला, तारवातला, नोहा तेवढा वाचतो. ती मुलगी नऊ-दहा वर्षांची, आजोळ गोदाकाठच्या सायखेड्याचं. तिने हात वर केला.

"टीचर, आजीच्या घरात पाणी शिरलं होतं ना, ते नंतर नदीत गेलं. मग सगळी पृथ्वीच बुडाली, तर ते पाणी गेलं कुठं?"

मी म्हणाले, "त्या माणसांना जेवढं जग माहीत होतं, तेवढं बुडालं असेल. त्यांच्यासाठी तीच सगळी पृथ्वी."

मुलीचं समाधान झालं. पण मागे बसलेल्या दुसऱ्या एका मुलाच्या आईचं झालं नाही, आणि दुपारपर्यंत ही गोष्ट माझ्या पप्पांच्या कानावर गेली. पप्पा चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींपैकी. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार माल तपासला. केसभर फरक असला तरी माल परत पाठवायचे. देवाने सहा दिवसांत जग केलं असं पवित्र शास्त्रात लिहिलंय म्हणजे सहाच दिवस, असं त्यांचं होतं. मी भूगर्भशास्त्र शिकायला घेतलं तेव्हा ते काही बोलले नव्हते, फक्त माझ्या पुस्तकांना कधी हात लावला नाही.

चौथ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "डोंगर कोट्यवधी वर्षांचे, हे तू कशावरून म्हणतेस?"

"दाखवू का?"

"दाखव. न बघता मी काही पास करत नाही."

डोंगर बघायला जाण्याआधी, रविवारी चर्चमध्ये त्यांनी त्या मुलीला गाठलं. "पूर ओसरल्यावर घरात गाळ किती होता गं?"

तिने चार बोटं आडवी धरली. "एवढा. आजी म्हणाली, लय घाण झाली."

पप्पांनी तिच्या बोटांना टेप लावून माप घेतलं आणि डायरीत लिहिलं.

पुढच्या शनिवारी आम्ही माझ्या गाडीने चांदवडकडे निघालो. महामार्गालगत एके ठिकाणी डोंगर कापलाय. तिथे खडकाचे थर उघडे दिसतात. पप्पा टेप घेऊन उतरले. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये विटेसारखा लाल पट्टा होता. त्यांनी तो नखाने खरवडला.

"हा पुराचा गाळ?"

"नाही. खालचा काळा थर म्हणजे थंड झालेला लाव्हा. ऊनपावसाने तो झिजला, त्याची माती झाली. मग वरून पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजली."

"खडकाची माती व्हायला किती वेळ लागतो?"

"हजारो वर्षं. आणि हा एकच पट्टा झाला. असे थरावर थर आहेत."

पप्पांनी लाल पट्टा मोजला, डायरीतल्या चार बोटांच्या गाळाशी ताडून पाहिला, मग मान वर करून डोंगराच्या माथ्यापर्यंत बघितलं. खाली पडलेला एक दगड त्यांनी उचलला. त्याच्या पोकळीत सुईसारखे पांढरे स्फटिक होते, उन्हात चमकत होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"एवढं बारीक काम," ते म्हणाले, "आणि आत, जिथे बघायला कोणी नाही."

चांदवडला आम्ही भजी खाल्ली. दुसरी प्लेट मागवल्यावर ते एकदम म्हणाले, "सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर पहिले तीन दिवस मोजले कशाने, हे मी लहानपणी विचारलं होतं. मास्तरांनी कानफटात दिली."

"मग?"

"मग पुन्हा विचारलं नाही." ते हसले. "तू त्या पोरीला उत्तर दिलंस ते बरं केलंस."

माझ्या विषयाबद्दल एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मुलांसमोर उभे राहिले. तो दगड सगळ्यांच्या हातून फिरला.

"हा देवाने केलाय, एवढं मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्याला किती दिवस लागले, ते मला माहीत नाही. माझ्या मुलीला थोडं माहीत आहे. तिला विचारा."

सायखेड्याच्या मुलीने विचारलं, "मग नोहाचा पूर खरा की नाही, आजोबा?"

"पूर आला होता. त्यावर मी ठाम आहे. किती मोठा, त्यावर आमचं भांडण चालू आहे."

मुलं हसली. मागची ती आई मात्र हसली नाही. ती तक्रार घेऊन चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली. पाळकसाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मला बोलावलं. मी मनात उत्तरं जुळवत गेले.

"चांदवडला एका मिनीबसमधून किती जण जातील?" त्यांनी विचारलं. "मलाही तो लाल पट्टा बघायचाय."

डिसेंबरात आम्ही बावीस जण गेलो. ती आईही आली. डबाभर पुलाव घेऊन आली, आणि घरी जाताना तिच्या पिशवीत स्फटिकांचे तीन दगड होते.