आगीविना पडलेलं भोक

रत्नप्रभा चेन्नईतल्या वेस्ट मांबलमची, तंजावरकडच्या मराठी घरातली. तिथल्याच अड्यारच्या एका प्रयोगशाळेत इंजिनियर होती. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तिथे परदेशी लेसर आला, आणि डिझेल इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलला केसाएवढी बारीक भोकं पाडायचं काम तिच्याकडे आलं.

जुना लेसर पोलाद वितळवायचा आणि भोकाच्या काठावर त्याची ओबडधोबड कड थिजून बसायची. नव्याचा झोत इतका क्षणिक, की पोलादाला तापायलाही सवड मिळू नये. लागला तिथला धातू सरळ वाफ होऊन उडावा. निदान माहितीपत्रकात तरी तसं लिहिलं होतं. प्रत्यक्षात भोकं काळीकुट्ट.

"पॉवर वाढवा," प्रमुख शेषगिरी म्हणायचे. पुण्याहून आलेला तिचा सहकारी सिद्धार्थ वाढवायचा. काठ आणखी करपायचे.

एका दुपारी शेषगिरी जेवायला गेले आणि रत्नप्रभा एकदम म्हणाली, "अरे, झोत एकामागून एक इतके लगबगीनं येतायत, की मधे पोलादाला निवायलाच मिळत नाही! सावकाश सोड. जोरही उतरव."

सिद्धार्थनं उतरवला. बारीकशी निळी ठिणगी लुकलुकली. रत्नप्रभानं भोक पाडलेला चाचणीचा पोलादी पत्रा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि किंचाळलीच. काठ कोरा करकरीत!

"काडेपेटी आण!" ती म्हणाली. काडीच्या गुलाला तिनं आरपार भोक पाडलं. काडी पेटली नाही.

तेवढ्यात शेषगिरी परतले. "पोरखेळ चाललाय?"

तिनं त्यांना गुलातलं भोक दाखवलं आणि तीच काडी पेटीवर ओढली. फर्रकन पेटली. शेषगिरींनी डोळे विस्फारले, मग स्वतःच दुसरी काडी पुढे केली. मग तिसरी. नंतर हातातलं घड्याळ काढून, "ह्याच्या पट्ट्याला पडेल का?" म्हणून विचारू लागले.

रत्नप्रभाला हसू आवरेना. जमीन पायाखाली हलकी झाल्यासारखं वाटत होतं. त्याच भरात ती सिद्धार्थकडे वळली.

"माझ्याशी लग्न करशील?"

"आत्ता?" त्याच्या हातातला चिमटा खाली पडला.

"साहेबांच्या काड्या संपल्यावर."

"करीन की!" तो म्हणाला, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

संध्याकाळी तिनं वडिलांना, वेंकोबांना, सगळं एका दमात सांगितलं. भोकाचं आधी, लग्नाचं नंतर. वेंकोबांनी ओठांपाशी नेलेला कॉफीचा पेला तसाच मागे घेतला.

"पुण्याचा म्हणतीस," ते म्हणाले. "त्याचं मराठी मला समजंल का गे?"

"नाही समजलं तर तमिळ शिकवा त्याला, अप्पा! उद्या घरी बोलावते."

वेंकोबांनी पेला खाली ठेवला, सदरा चढवला आणि म्हणाले, "मग उद्या कशाला? आत्ताच बोलाव."