बसप्पाच्या इंग्रजी वाट्या

नळदुर्गच्या बाजारात बसप्पाचं भांड्याचं दुकान आहे. गल्ल्याशेजारी भांड्यावर नाव घालायचं छोटं मशीन. त्याची सुई स्टीलवर कुरकुरत फिरते आणि 'सौ. अमुक यांजकडून सप्रेम भेट' असं उमटत जातं. अक्षर म्हणाल तर मोत्याचा दाणा. माणूसही वाईट नाही हो. गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, म्हातारीकोतारीला दोन रुपये कमीच लावतो. खोड एकच. साडूचं बरं झालेलं त्याला बघवत नाही.

साडू म्हणजे शांतलिंग, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जिल्ह्यातल्याच वाशीला त्याचं खताचं दुकान. वयानं लहान, जावई म्हणूनही धाकटा. त्यानं मोबाईलवर ते डोळ्याला न दिसणारं नाणं घेतलं, क्रिप्टो का काय म्हणतात ते, वर चढल्यावर विकलं आणि दारात पांढरी गाडी आणून उभी केली. "गाडीचं मला काय, आपल्याला फटफटी बास हाय," असं बसप्पा ज्याला त्याला सांगायचा. कुणी विचारलेलं नसतानाही सांगायचा, म्हणजे बघा.

ठिणगी पडली ती धोंड्याच्या महिन्यात. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना. जावयांना बोलवायचं, पाय धुवायचे, वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. सासू वारलेली, म्हणून सास्तूरला सासरे अण्णारावच सगळं करायचे. थोरल्या जावयाचे पाय आधी, ही रीत. बसप्पा पायातले मोजे काढून तयार बसला होता. आणि अण्णाराव म्हणाले, "शांतलिंगरावांना लांब जायचंय, त्यांचं उरकून घिऊ आधी." झालं. पांढऱ्या गाडीतून आलेले पाय आधी परातीत गेले. बसप्पाच्या घशाखाली धोंडा उतरेना.

घरी आल्यावर दारात फटफटीवरनं उतरता उतरता तो बायकोला म्हणाला, "माझे पाय काय उकिरड्यावरनं आले व्हते का?"

बापानं नवऱ्याचा मान खाली केला हे इरम्मालाही झोंबलं होतं. म्हणून तर चार दिवसांनी बसप्पानं पाटल्या मागितल्या तेव्हा तिनं काढून दिल्या. आईच्या पाटल्या होत्या त्या. आईची तेवढीच वस्तू तिच्या वाट्याला आलेली.

"पुढच्या धोंड्याला तुझ्या हातात दोनाच्या चार असतील," बसप्पा म्हणाला.

"चार नकोत," ती म्हणाली. "ह्याच दोन आणून द्या."

पाटल्या मोडल्या आणि त्याचं ते नाणं घेतलं. कुणाला विचारून? कुणाला नाही. शांतलिंगचा आपणहून फोन आला होता, बायकांच्या बोलण्यातनं त्याला कळलं असावं. "साडूभाऊ, काई बी करायच्या आधी मला विचारा. यात चोर लई हायत, आन गेलं तर दाद मागायला जागा न्हाय." सरळ बोलणं होतं. पण जळक्या कानाला सरळही वाकडंच ऐकू येतं. आता हा मला शहाणपण शिकवणार, असं बसप्पाला वाटलं. त्या दिवसापासून शांतलिंगचं नाव फोनवर दिसलं की तो फोन गल्ल्यावर पालथा घालायचा.

मोबाईलवरचे व्हिडिओ बघून तो आपला आपण शिकला. कंपनी पळून जाईल म्हणून नाणं कंपनीकडं ठेवायचं नाही, स्वतःच्या खिशात ठेवायचं. हा खिसाही मोबाईलमधलाच. त्याला किल्ली म्हणून बारा इंग्रजी शब्द मिळाले. ज्याच्याकडं हे बारा शब्द क्रमानं, त्याचा सगळा माल. शब्द हरवले तर माल गेला, दुसऱ्याला दिसले तरी गेला. मोबाईलमध्ये ठेवू नका, सुरक्षित जागी लिहून ठेवा, असं व्हिडिओवाला बजावत होता.

सुरक्षित जागा कुठली? बसप्पा पोरसवदा होता तेव्हा भूकंप झाला. त्यानंतर बापाबरोबर तो सास्तूरला नातेवाइकांना बघायला गेला होता. कुणाचं घर कुठलं, कळायची सोय नव्हती. दगडमातीच्या ढिगातून चेंबलेलं एखादं पातेलं निघायचं, बाप ते धोतरानं पुसायचा, नाव वाचायचा आणि सांगायचा, हे अमक्याचं घर. कागद सगळे मातीत गेले होते. येताना बाप म्हणाला होता, "भांड्यावरचं नाव जात न्हाय, पोरा." तेच बसप्पानं धरलं. दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यानं बारा नव्या वाट्या घेतल्या, प्रत्येकीच्या बुडाला एक शब्द घातला, बाजूला एक ते बारा आकडे घातले, पोत्यात बांधल्या आणि घरच्या माळ्यावर टाकल्या. बायकोला सांगितलं नाही. तिला सांगितलं की ती बहिणीला सांगणार, बहीण शांतलिंगला सांगणार.

नाणं चढलं, बरं का. खोटं कशाला बोला. पाटल्यांच्या दुप्पट झालं. बसप्पा दिवसातून दहादा बघायचा आणि पुढच्या धोंड्याला सासऱ्यासमोर हे कसं काढायचं त्याची वाक्यं जुळवायचा. मोडून पाटल्या करून टाक, असं मन म्हणायचं. पण शांतलिंगची गाडी आठवायची. अजून थोडं चढू दे.

मग इरम्माच्या भावाच्या लेकीचा, शिवप्रियाचा, साखरपुडा ठरला. सास्तूरलाच. बसप्पानं सीझनचं कारण सांगितलं आणि गेला नाही. खरं कारण दारात उभी राहणारी गाडी. इरम्मा एकटी निघाली. निघता निघता भावाचा फोन, हुग्गीला, गव्हाच्या खिरीला, वाट्या कमी पडायल्यात. नवऱ्याचं भांड्याचं दुकान आणि माहेरी वाट्या कमी पडाव्यात? माळ्यावर कोऱ्या वाट्यांचं पोतं होतंच. तिनं ते उचललं आणि जीपमध्ये टाकलं. तिचं काय चुकलं, सांगा.

पंगतीत कुणीतरी हुग्गीचा शेवटचा घोट घ्यायला वाटी उचलली आणि समोरच्यानं बूड वाचलं. आहेराच्या वाटीवर देणाऱ्याचं नाव असतं. इथं इंग्रजी शब्द आणि आकडा. हशा पिकला. वाट्या घासून झाल्यावर शिवप्रियानं त्या आकड्यानं ओळीत पालथ्या मांडल्या, व्हिडिओ काढला, वर लिहिलं 'आमच्या आत्याच्या वाट्या इंग्रजी शिकवतात' आणि सगळ्या जगाला बघायला टाकून दिला. पोरीच्या मनात पाप नव्हतं. लोकांनी तो पुढं पाठवला, त्यांनी आणखी पुढं.

दुपार कलली होती. बसप्पा एका कळशीवर नाव घालत होता. फोन वाजला. शांतलिंग. आता हा साखरपुड्यात कुणी कसा मान दिला ते ऐकवणार. फोन पालथा. परत वाजला. परत. चवथ्यांदा वाजल्यावर त्यानं आवाजच बंद केला आणि कळशी पुरी केली. दिवेलागणीला सवयीनं नाणं बघायला फोन हातात घेतला तर खिसा रिकामा. शून्य. त्याला वाटलं रेंज नाही. दारात जाऊन बघितलं, रस्त्यावर जाऊन बघितलं. तेवढ्यात जीप थांबली, इरम्मा पोतं घेऊन उतरली आणि हसत म्हणाली, "अवो, तुमच्या वाट्यांनी लई गंमत केली आज."

दुसऱ्या दिवशी दोघं पोलिसात गेले. साहेब भला माणूस होता, त्यानं खुर्ची दिली.

"बँक कुठली?"

"बँक न्हाय, साहेब."

"मग कंपनी?"

"कंपनी बी न्हाय. माझ्याच खिशात व्हतं."

"कुलूप फोडलं का?"

"किल्लीनंच उघडलं," बसप्पा खाली मान घालून म्हणाला.

नाणं कुठं गेलं ते मात्र दिसत होतं. एक लांबलचक नंबर, ना नाव ना गाव, आणि त्यात बसप्पाचा सगळा माल जसाच्या तसा. कुणालाही बघता येत होता, कुणालाच परत आणता येत नव्हता. साहेब म्हणाले, तक्रार लिहून घेतो, वर पाठवतो, पण आशा धरू नका. कुणावर संशय?

"हाय," बसप्पा म्हणाला. "माझा साडू. शांतलिंग. त्याला यातलं सगळं कळतं, आन तो त्या पंगतीत व्हता."

इरम्मानं झटकन नवऱ्याकडं बघितलं. साहेबांनी फोन मागून घेतला. न उचललेल्या फोनांची रांग होती, सगळे शांतलिंगचे. खाली एक न उघडलेला मेसेज. साहेबांनी तो मोठ्यानं वाचला. "साडूभाऊ, वाट्यावरचे शब्द जगाला दिसायलेत. पोरीला तो व्हिडिओ पुसायला लावलाय, पण लई जणांकडं गेलाय. सगळं सोडा आन माल आत्ता दुसरीकडं हलवा. फोन उचला. पाया पडतो, फोन उचला." साहेबांनी मेसेजची वेळ बघितली, मग नाणं गेल्याची वेळ बघितली. मेसेज तासभर आधीचा होता.

"संशयिताचं नाव लिहू का?" साहेबांनी विचारलं.

इरम्मा म्हणाली, "नका लिहू," आणि उठली.

तिनं त्याला एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं, असं त्याला पुष्कळदा वाटलं. वाट्या तिनं रोजच्या वापरात काढल्या. स्टीलवरचं खोडता येत नाही, बाप खोटं बोलला नव्हता. आमटी प्यायला वाटी उचलली की बुडाचा शब्द बोटाला लागतो. तो नंबर बसप्पा अजून उघडून बघतो. नाणं आणखी चढलंय म्हणे. कुण्या अनोळख्याचं बरं झालेलं आता तो रोज बघतो.

परवा धोंड्याचा महिना आला. सास्तूरला पाट मांडले. अण्णारावांनी परात आणली आणि कुणी काही म्हणायच्या आत शांतलिंगच मागं सरला. "थोरल्यांचे आधी, मामा. रीत हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. काय गुणाचा जावई, असं कुणीतरी पुटपुटलं, आणि सांगायला लाज वाटते, तेवढ्यातही बसप्पाच्या पोटात दुखलं. मोठेपणा बी ह्यानंच घ्यावा.

अण्णाराव वाकले. पाणी घालायला तांब्या घेऊन इरम्मा पुढं आली. तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, बाकी काही नाही. ज्या मानासाठी पाटल्या गेल्या तो मान समोर परातीत होता, आणि बसप्पाचे पाय मांडीखालून निघेनात.

"पाय फुडं घ्या," इरम्मा हळू म्हणाली. "सगळे थांबलेत."